ताईची साक्ष

अधिकारी बाईंनी टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकला, आणि ताईचा आवाज त्या बंद खोलीत आला. हॅलो न म्हणता ती एकदम “नमस्कार मॅडम” म्हणाली. रेंज मिळावी म्हणून ती गच्चीवर जाऊन उभी होती. मागे टाकीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

ताईची धाकटी बहीण टेबलाच्या अलीकडे बसली होती, अधिकारी बाई पलीकडे, आणि ताईचं बोलणं समजावून द्यायला आलेला दुभाषी कडेला. वर्षभर कोणत्याच कॉलेजात नाव नव्हतं म्हणून धाकटीचा विद्यार्थी व्हिसा रद्द झाला होता. तो परत मिळतो का, याची ही शेवटची सुनावणी.

सकाळपासून तिने घडलं तसं सांगितलं होतं. आई गेली आणि त्यानंतर वर्गात बसवेना. रोज वेळेवर आवरून निघायची, कॉलेजच्या स्टॉपवर उतरायची, आणि फाटकापासून मागे फिरायची. कॉलेजची पत्रं आली, ती तिने उघडलीच नाहीत, आणि शेवटी कॉलेजने तिचं नाव काढून टाकलं. डॉक्टरकडे गेली नाही, कारण दुखत तर काहीच नव्हतं. अधिकारी बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हाताबाहेरचं कारण असेल तर नियमात वाट आहे, त्या म्हणाल्या. पण हे सांगणारं दुसरं कोणी आहे का? तिने ताईचा नंबर दिला. आई कधी गेली, एवढंच विचारतील असं तिला वाटलं होतं. कॉलेज छान चाललंय, असं ती घरी दर रविवारी फोनवर सांगत आली होती, हे मात्र तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

ताईने शपथ घेतली. आई गेल्याची तारीख सांगितली, दवाखान्यातले अकरा दिवस सांगितले. धाकटीची परीक्षा बुडेल म्हणून आईनेच तिला बोलावू दिलं नाही, हेही सांगितलं. मग दुभाष्याने पुढचा प्रश्न मराठीत विचारला.

“तुमच्या बहिणीने कॉलेज सोडलं, हे तुम्हाला कधी कळलं?”

फोनमध्ये नुसता पाण्याचा आवाज राहिला. धाकटीने मान खाली घातली.

“मला माहीत होतं,” ताई म्हणाली. “मीच सांगितलं तिला. म्हटलं, आता कॉलेज राहू दे, कुठेतरी कामाला लाग. शिक्षण काय, नंतरही होईल. ती नको म्हणत होती. पण माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेलेली नाही. चूक माझी आहे मॅडम, तिची नाही.”

दुभाष्याने एकही शब्द न गाळता ते सांगितलं. अधिकारी बाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी धाकटीला विचारलं, म्हणजे हे तुम्ही घरात ठरवून केलंत? बहीण सांगते ते खरं आहे का?

नाही म्हटलं असतं तर ताई शपथेवर खोटी पडली असती. आणि ताई अजून फोनवर होती, ऐकत होती. तिचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

“हो,” धाकटी म्हणाली. “ताई सांगते ते खरं आहे.”

निकाल तासाभरात आला. ठरवून सोडलेलं शिक्षण हाताबाहेरच्या कारणात बसत नव्हतं. व्हिसा रद्दच राहिला. देश सोडायला पस्तीस दिवस होते. दुभाषी तिच्याकडे न बघता आपले कागद आवरत राहिला.

बाहेर जिन्यात येऊन तिने ताईला फोन लावला. पहिल्याच रिंगला ताईने उचलला. कॉलेज कधी सोडलंस, का सोडलंस, माझ्याशी खोटं का बोललीस, यातलं काही तिने विचारलं नाही.

“मी नीट बोलले ना गं?” ती म्हणाली. “माझ्यामुळे काही बिघडलं तर नाही ना?”

धाकटी पायरीवर बसली. माणसं वर-खाली करत होती. तिने पाय जवळ घेतले आणि त्यांना वाट दिली.

“नाही ताई,” ती म्हणाली. “अगदी बरोबर बोललीस.”