चढणाऱ्याचा विमा

"सूनबाई, बागकामाच्या धंद्यात एक वेळ खतात काटकसर कर, पण विम्यात नको," सासरे जाताना बजावून गेले होते. तरी एजंटाने "तुमच्यात झाडावर कोणी चढतं का?" असं विचारल्यावर तिने "छे, आम्ही नुसतं गवत कापतो," असं ठोकून दिलं. चढणाऱ्यांचा हप्ता तिप्पट होता ना!

काल फांदी छाटताना जुना माळी झाडावरून पडला. दवाखान्यात त्याच्या प्लॅस्टरमधल्या पायाकडे बघायची तिची छाती होईना.

"वहिनी, जिवाला घोर लावून घेऊ नका," तोच म्हणाला. "विम्याच्या साहेबांना सांगितलंय, ओल्या गवतावरून घसरलो."

"असं का सांगितलंस रे?"

"एजंट आला त्या दिवशी मी दाराशीच होतो की! तुमचा शब्द खाली कसा पडू देऊ?"

तिच्या पापावर पांघरूण घालून वर तो तिचीच समजूत काढत होता.

"तू बरा होईस्तोवर तुझं औषधपाणी आणि घर माझ्याकडे. शब्द देते."

साहेब अजून खाली डॉक्टरांशी बोलत होते. त्यांना खरं काय ते सांगायला ती हळूच उठली.