संत एदिसचा पहिला चमत्कार

"मागे सरा! मी सांगेपर्यंत पट्टीला कुणी हात लावायचा नाही," बिशपनं दरडावलं, तसा लाकडी चर्चमधला गलका विझला.

थोर्गुन वेदीसमोर उभी होती. उजवा हात मनगटापर्यंत गुंडाळलेला, गाठीवर मेणाची मोहर. तीन दिवसांपूर्वी याच हातात तापलेलं लोखंड धरून ती दारापासून वेदीपर्यंत चालली होती. "माझी पोर मेलेल्या राजाचीच," अशी शपथ तिनं घेतली होती. म्हणजे सरदार ओगमुंडनं घ्यायला लावली होती. गादी ताब्यात ठेवायला त्याला राजाचं रक्त हवं होतं. जखम स्वच्छ निघाली तर शपथ खरी, एदिस राजकन्या. पू निघाला तर शपथ खोटी, आणि मायलेकींची रवानगी परत डोंगरावरच्या गोठ्यात.

हे तीन दिवस मायलेकींना चर्चच्या गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं. तिथल्या पहाऱ्यावरची म्हातारी ओसा पहिल्याच दिवशी थोर्गुनला म्हणाली होती, "देव पावला तर पोरगी समुद्रापलीकडच्या राजाची सून होईल बघ."

"आणि मी?"

"तू? राजकन्येला गवळण आई शोभते होय गं? तू आपली तुझ्या गाईंकडे."

"आणि नाही पावला तर?"

"हात सडेल. मग मनगटापासून उतरवतात. माझी बहीण त्यातच गेली."

ताक घालून सातूची पेज खाणाऱ्या एदिसचा चमचा तोंडाशीच थांबला होता. नऊ वर्षांची पोर. 

त्यानंतर थोर्गुननं हाताजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. निजताना मात्र लेक कुशीत लागायचीच. काल ओसानं नाक मुरडलं. "वास येतोय गं बाई."

 थोर्गुननं एदिसची वेणी सोडली आणि पुन्हा घातली.

आता बिशपनं मोहर फोडली. पट्टीचा एकेक पदर सुटू लागला. थोर्गुनचे ओठ प्रार्थनेत हलत होते. शेवटचा पदर काळा, चिकट निघाला.

"गोठ्याचा वास लपतो होय!" राजाच्या विधवा राणीच्या माहेरचं कुणीतरी हसलं. ओगमुंडचा चेहरा उतरला.

बिशपनं तो पदर अलगद उचलला. हात खिडकीच्या उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला.

जखम लालभडक होती. पण पुवाचा टिपूस नव्हता.

"देवानं साक्ष दिली!" बिशप गुडघ्यावर बसला, मागोमाग सगळा गाव. थोर्गुननं किंकाळी फोडली. आनंदानं वेडी झाली बिचारी, लोक म्हणाले.

ओगमुंडची माणसं न्यायला आली, तेव्हा एदिस आईच्या गळ्यात पडली. कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "रडू नकोस ना. तू रोज बोटांच्या फटीतून पट्टीत शेण भरायचीस, आणि तू झोपलीस की मी ताकाच्या निवळीनं धुवून काढायचे. आता मी नसणार, तर धारा काढायला तुला दोन्ही हात नकोत का?"