चपलेसाठी मागे फिरलेला

पडद्यावर माणूस दिसला आणि 'मान्य' हे हिरवं बटण आपोआप उजळलं. तिने अजून हातही उचलला नव्हता.

"बघितलंत?" शेजारी खुर्ची ओढून बसलेला सॉफ्टवेअरवाला खुशीत म्हणाला. "तुम्ही काय दाबणार, ते त्याला आधीच कळतं."

ही नवी सोय त्याने आज सकाळीच बसवली होती. वर्षभरात तिने दाबलेलं एकूण एक बटण सॉफ्टवेअरने पाहून ठेवलं होतं आणि आता ते तिचं उत्तर तिच्याआधी सुचवत होतं. बाईंचा वेळ वाचावा, एवढाच हेतू. खरं तर तिला वेळ असा लागतच नसे. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिचा निर्णय झालेला असायचा. सगळं ऑफिस तिला झटपट मॅडम म्हणायचं आणि तीही ते नाव मिरवायची.

काम सोपं होतं. तारेच्या कुंपणापलीकडे कोण चाललंय, हे ड्रोन वरून दाखवायचा. तो माणूस घातक की कसं, ते सॉफ्टवेअर सांगायचं. तिने फक्त मान्य किंवा अमान्य म्हणायचं. मान्य म्हटलं की पुढचं ड्रोन बघून घ्यायचा. पडद्यावर धूर दिसायचा, तो विरला की काम संपलं. अमान्य म्हटलं तर मात्र कारण लिहावं लागे आणि ते मागे बसलेल्या साहेबांना पटावं लागे. साहेबांना कारणं सहसा पटत नसत.

आत्ता पडद्यावर एक कोरडी नदी होती. पात्रातून एक माणूस खांद्यावर लांब नळकांडं घेऊन भराभर चालला होता. कडेला लाल अक्षरं उमटली होती: घातक. चाल वेगाची, मान खाली, खांद्यावर शस्त्र. सगळं पटण्यासारखंच होतं. तिचं बोट सवयीने बटणापर्यंत गेलंही.

तेवढ्यात त्या माणसाची चप्पल वाळूत रुतली. तो तसाच चार पावलं पुढे गेला, थांबला आणि मागे फिरला. नळकांडं त्याने खाली टाकून दिलं. चप्पल उपसून काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि उकिडवा बसून निसटलेला पट्टा परत भोकात बसवू लागला. बसेना. मग दातांनी ओढून पाहिला.

तिचे बाबा घरी अगदी असेच बसत. नवी जोडी आणून दिली तरी जुन्याच चपलेशी झटापट करत आणि आईची बोलणी खात.

बटण अजून उजळलेलंच होतं. यंत्राचा तिला राग आला नाही. त्याने तिला बरोबर ओळखलं होतं, याचीच तिला भीती वाटली. चप्पल रुतली नसती तर तिने तेच बटण दाबलं असतं. आजवर किती जणांची चप्पल रुतायची राहून गेली असेल, असं मनात आलं आणि मग ते मनातून जाईना.

तिने अमान्य दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, चपलेसाठी मागे फिरला.

साहेबांनी ते वाचलं. "हे मी वर पाठवू? हसतील आपल्याला."

"साहेब, जिवावर उदार झालेला माणूस चपलेचा पट्टा बसवत बसेल का?"

साहेब पडद्याकडे पाहत राहिले. माणूस उठला, नळकांडं उचलून पलीकडच्या काठावर चढला आणि तिथल्या पंपाला त्याने ते जोडलं. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकातून पाणी पडू लागलं. त्याने आधी पाय धुतले, मग चप्पल.

साहेबांनी घसा खाकरून चहा मागवला.

सॉफ्टवेअरवाला मात्र केव्हाच कामाला लागला होता. पाण्याच्या पाईपाचं त्याला काही नव्हतं, त्याला तिचं कारण भारी आवडलं होतं. इतक्या हुशार माणसांनी हे सॉफ्टवेअर बनवलं, पण हा मुद्दा कुणाच्या डोक्यात आला नाही, असं तो टाईप करता करता सांगत होता. शेवटी त्याने हात झटकले.

"झालं, शिकलं ते. आता जो चपलेसाठी वाकेल, तो सुटला."

मुद्दा चपलेचा नव्हता, हे तिला त्याला सांगायचं होतं. मग कशाचा होता, ते तिला नीट मांडता येईना. तोवर पडद्यावर पुढचा माणूस आला आणि हिरवं बटण उजळलं.

तिची नजर आधी त्याच्या पायांकडे गेली. तो अनवाणी होता.