तळ्याला वळसा

ट्रॉयनं मर्लचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं काउंटरवर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. काचेखाली मांडलेली होकायंत्रं दिसेनाशी झाली.

"शेवटचं विचारतो, म्हातारे. माझी बायको कुठंय? जोडी कुठंय?"

"बहिणीकडे. बायको जीव घेऊन पळाली की बहिणीकडेच जाते. त्याला काय ज्योतिषी लागतो?"

या उत्तराबद्दल तिला आणखी एक ठोसा मिळाला. मर्लची जीभच तशी. वाळवंटाच्या तोंडाशी एकटीनं पेट्रोल, नकाशे आणि जीपीएस विकत जन्म गेलेला. ती काय गोड बोलणार?

जोडीच्या बहिणीचं गुरांचं फार्म पांढऱ्या तळ्याच्या पलीकडे होतं. तळं आपलं म्हणायला. पाणी कधी काळी येतं, एरवी नजर पोचेल तिथवर मीठच मीठ. ट्रॉय खाणीवरचा माणूस, दूर पश्चिमेकडचा, त्या बाजूला कधी फिरकला नव्हता. आणि पळताना जोडीनं त्याच्या गाडीतलं जीपीएस उपटून नेलं होतं. शहाणी पोर! म्हणून हा बाबा इथं उगवला होता, भरलेली बंदूक घेऊन.

आल्या आल्या त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं रेडिओ फोडला. फोनची तार उपटली. मग बाहेर जाऊन मर्लच्या गाडीची चारही चाकं गोळ्या घालून फोडली. मोबाइल आमच्याकडे फक्त गाणी ऐकायच्या कामाचा. या रस्त्याला दिवसात एखादी गाडी फिरकली तर फिरकली. जोडीला सावध करायला आता कुणी उरलं नव्हतं.

"दोघी बहिणींना आज एकाच खड्ड्यात घालतो," ट्रॉय म्हणाला. "चल, चांगलं यंत्र काढ. नकाशे भरलेलं."

मर्लनं बाहीनं नाक पुसलं. एक नवं कोरं यंत्र काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"हे घे. नकाशे यंदाचेच आहेत. रस्ता उत्तरेकडून तळ्याला वळसा घालून जातो. लांबचा आहे, पण पक्का. अंधार पडायच्या आत पोचशील."

बोलता बोलता तिनं फळीवरचं दुसरं यंत्र हळूच काउंटरखाली सरकवलं. ट्रॉयनं ते पाहिलं.

"काय लपवतेस?"

"काही नाही. जुनं आहे ते."

त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. हाड कटकन वाजलं. मर्ल किंचाळली, यंत्र त्याच्या हातात आलं. पडदा उजळला. तळ्यावरून आरपार एक बारीक रेघ गेली होती, थेट पलीकडच्या फार्मपर्यंत.

"आणि हा रस्ता काय?"

"रस्ता कसला डोंबलाचा! दुष्काळात कुणीतरी तिथून गाड्या घातल्या होत्या, ती रेघ जुन्या नकाशात राहून गेली. नव्यात काढून टाकलीय." मर्ल धापा टाकत होती. "वरच्या अंगाला पाऊस झालाय, पाणी आत शिरलंय. मिठाची खपली वरवर वाळलेली, खाली नुसता चिखल. ट्रॉय, ऐक माझं. तळ्यावर जाऊ नकोस. जिवंत बाहेर येणार नाहीस."

ट्रॉय मोठ्यानं हसला.

"वा गं वा! मी वळसा घालत बसायचं आणि तोवर बाईसाहेब पसार. मला काय दूधखुळा समजलीस?"

"देवाशपथ खरं सांगतेय."

"बायकांचं खरं मला पाठ आहे."

त्यानं नवं यंत्र जमिनीवर टाकून बुटाच्या टाचेनं चिरडलं. भिंतीवरचा नकाशा टराटरा फाडला. जाता जाता दस्त्याचा एक तडाखा तिच्या बरगड्यांत बसला आणि ती कोसळली.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मर्ल कोपरांवर सरपटत दारापर्यंत गेली. पुढे फाटा होता. डावीकडे उत्तरेचा रस्ता, उजवीकडे तळं. धुळीचा लोट फाट्याशी थांबला. मग उजवीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी एका गाडीवाल्यानं मर्लला पाहून पोलिसांना कळवलं. शोध घेणाऱ्या विमानाला गाडी तळ्याच्या मध्यावर दिसली, टपापर्यंत रुतलेली. ट्रॉय तिच्यापासून बराच पुढे सापडला. कमरेपर्यंत चिखलात, उन्हानं चेहरा ओळखू येत नव्हता.

सार्जंट ओक्सनं मर्लचा जबाब घेतला. "तू त्याला बजावलं होतंस?"

"अक्षर न् अक्षर खरं सांगितलं."

"मग तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही," असं म्हणून तो निघून गेला.

मर्लला बघायला आलेली जोडी मात्र थांबली होती. सार्जंटची गाडी हलेपर्यंत तिनं कसंबसं स्वतःला आवरलं. मग फुटलीच.

"वेड लागलं होतं का तुला? वळशाचा रस्ता सांगितलास त्याला? खरा रस्ता? तो तिकडून आला असता तर मी मेले असते, ताई मेली असती! तोंडाला येईल ते खोटं ठोकून द्यायचं होतंस. खोटं का नाही बोललीस?"

मर्लनं प्लॅस्टरमधला हात मांडीवर नीट ठेवला. तिचा चेहरा अजून काळानिळा होता, बोलताना ओठ दुखत होता.

"लग्न झाल्यापासून तू त्याच्याशी कधी खोटं बोललीस?"

"कधीच नाही. बिशाद होती माझी?"

"आणि त्याला एकदा तरी पटलं?"

जोडीनं नकारार्थी मान हलवली.

"तेवढ्याच भरवशावर खरं बोलले मी."