अंगठ्याचे वजन

चपला काढून ती वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर चढली. एका हाताने पोट सावरीत, दुसऱ्याने नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत.

"दवाखान्यातला काटा मेला चिक्कू आहे," ती म्हणाली. "आपला दिलदार. बघा बरं, अहो."

भंगाराच्या दुकानात दुपारची सामसूम होती. मालक जेवायला घरी गेले होते. पत्र्याचे चेपलेले डबे, सायकलींचे सांगाडे आणि रद्दीचे गठ्ठे यांच्यामध्ये ती दोघेच होती. तो तिथला मापाडी. दिवसभर त्या तबकडीवरच्या सुईकडे पाहणे हेच त्याचे काम. आज मात्र त्याने मान वर केली नाही.

दवाखान्यातून ती दोघे आत्ताच परतली होती. तिला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावले होते. दिवस गेले तेव्हाच या नुसत्या हाडांचा सापळा होत्या, बाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून अंगावर काही चढलेलंच नाही. आईजवळच शिल्लक नाही, तर पोटातल्या जिवाला मिळणार कुठून? त्याची वाढ मागे पडली होती. असेच चालले तर बाळ फार हलके जन्माला येणार होते. हलक्या बाळाचे पुढे काय होते, हे त्याने विचारले नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला, त्यात ते आले.

"त्यांना आजच दाखल करा," शेवटी बाई म्हणाल्या होत्या. "मी सांगते तर ऐकत नाहीत. म्हणतात, आमच्या काट्यावर माझं वजन वाढतंय."

त्यावर त्याने नुसती मान खाली घातली होती.

भंगार विकायला कुणी आले की या मापाड्याच्या उजव्या पायाचा अंगठा हळूच पाटाच्या कडेखाली जाई आणि माल हलका भरे. ही विद्या मालकांनी त्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी दिली होती. तिच्यासाठी तो अंगठा पहिल्यांदाच कडेच्या वर आला. तेव्हा तिच्या पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. ताट समोर आले की तिचे डोळे भरून येत. त्या दिवशी सुई किंचित पुढे सरकलेली पाहून ती हसली, आणि घरी जाऊन ताटातले सगळे जेवली. मग दर आठवड्याला ती दुकानात येत राहिली, आणि तो पाटावर अंगठा ठेवीत राहिला.

आज त्याने दोन्ही पाय मागे घेतले. तोंडाने सांगायचे बळ त्याच्यात नव्हते. सुईनेच सांगावे, एवढीच त्याची इच्छा होती.

सुई चढली, डगमगली आणि थांबली. जिथे थांबली ती जागा त्याच्या ओळखीची होती. लग्नानंतर थट्टेथट्टेत त्याने तिला याच पाटावर उभे केले होते, तेव्हाही सुई तिथेच थांबली होती. मधल्या महिन्यांचे, पोटातल्या जिवाचे, कशाचेच वजन तिच्यावर पडलेले नव्हते.

ती ओरडेल, रडेल, निदान काट्याला दोष देईल, असे त्याला वाटले. पण ती तबकडीकडे पाहतच नव्हती. तिची नजर खाली होती, त्याच्या पायांवर.

"आज अंगठा ठेवायचा राहिला तुमचा," ती म्हणाली.

त्याने वर तिच्याकडे पाहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"मापाड्याची बायको आहे मी."

"मग बोलली का नाहीस?"

तिने त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही. उलट बोटे थोडी अधिक रुतली.

"सुई पुढे गेली की त्या दिवशी तुम्ही नीट जेवायचात."

बाहेर रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. मग तिने पदराने तोंड पुसले.

"कपडे घेऊ आणि जाऊ दवाखान्यात. राहीन मी तिथे," ती म्हणाली. "पण त्याआधी एकदा ठेवा."

त्याने चप्पल काढली आणि अंगठा पाटाच्या कडेवर टेकवला. सुई पुढे गेली. पण एका जागी ठरेना. त्याचा पाय थरथरत होता.