मानेखालचा हात

नाताळच्या सकाळी म्हातारे फादर प्रसूतिगृहात आले, तेव्हा खाटेवरची बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. नवरा सोडून गेला होता. काल जन्मलेल्या लेकीला तिनं अजून हातही लावला नव्हता. नर्सची धावपळ चालली होती. “फादर, जरा धरा हिला,” म्हणत रडणारी पोर त्यांच्या हातात देऊन ती दुसऱ्या खाटेकडे पळाली. फादर गोंधळले. पोरीची मान मागे कलंडली. “अहो, मानेखाली हात धरा!” रडणं ऐकून वळलेली बाळंतीण ओरडली. फादरनी घाईघाईनं मान सावरली. “चाळीस वर्षं नाताळला सांगतोय, देव बाळ होऊन आला,” ते पुटपुटले. “पण इतका दुसऱ्याच्या भरवशावर, हे आज कळलं.” लेकीकडे बघत तिनं विचारलं, “त्याला भीती नाही वाटली? माणसांच्या हाती पडायची?” “वाटली असेल. तरी आला.” ती उठून बसली. हात पुढे करून म्हणाली, “द्या इकडे.”