लाखावरचं पान

"लाख बेलाला अकरा घरं बसत न्हाईत, गंगम्मा. हिशोब हाय हा, माझा हट्ट न्हाई," देवळाचे पंच गुरुपादप्पा मंडपात बसून म्हणाले.

"हिशोबच करून राहिलो ना आप्पा," गंगम्माचा पोरगा संगमेश मधेच तडकला. "घरटी नऊ हजार नव्वद. दहा पानं उरतात, बस."

"ती दहा गेली दहा घरांना. अकराव्याला एक कमी. महादेवासमोर एका घराचं पान कमी?"

"आम्हाला द्या कमी."

"कमी घ्यायचं न्हाई," गंगम्मा म्हणाली.

उदगीरच्या त्या गल्लीतली दहा घरं, गुरुपादप्पांचंही त्यातच, दरसाल मिळून लाख बेल वाहायची. घरटी दहा हजार, सरळ. यंदा गंगम्मा दिरापासून वेगळी झाली. चूल मांडली, दारावर मेलेल्या नवऱ्याच्या नावाची पाटी लावली. आता बेलही तिला वेगळा पाहिजे होता. आणि गुरुपादप्पा म्हणत होते, दिराच्या पानांना हात लाव, पुण्य तेच.

"त्यांच्या पानांना हातच लावायचा तर वेगळी कशाला झाले असते, आप्पा?"

गुरुपादप्पांची बायको पार्वतम्मा आधी आलेला बेल पोत्यावर पसरून फाटकी पानं बाजूला काढत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि वरचं?"

"कुठलं वरचं?"

"लाखावर एक घालता की तुम्ही. नुसता लाख कधी वाहिला?"

शकुनाचं ते एक पान गुरुपादप्पांच्या घरचं, त्यांच्या आजोबांपासून. लाख पुरा झाला की सगळे उभे राहायचे आणि ते एकटे पुढं जायचे. म्हणून वाटणीत ते पान कुणी धरलंच नव्हतं.

संगमेशनं मोबाईलवर बोटं आपटली. "नऊ हजार एक्क्याण्णव. बाकी काहीच न्हाई. बघा."

"ठेव तो मोबाईल."

गुरुपादप्पांचा जन्म डाळीच्या आडतीत गेलेला. त्यांनी तांब्यात बोट बुडवलं आणि फरशीवर आकडा काढला, १,००,००१. मग एकाआड एक आकडे धरून दोन बेरजा केल्या. इकडं एक आला, तिकडं एक आला, मधली सगळी शून्यं. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणजे अकरानं भाग जाणारच. तरी त्यांनी परत केलं. पाणी वाळायला लागलं होतं. गंगम्मा खांबाला धरून त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"जातो भाग," ते म्हणाले. आकडा खोटा सांगणं त्यांना जमलं नसतं.

ओलं बोट पुसत त्यांनी बायकोला विचारलं, "मग मी शेवटी पुढं जाऊन काय वाहू?"

"शेवटी कशाला? बसा की सगळ्यांत. नऊ हजार एक्क्याण्णव काय थोडे हायत?"

संगमेश फिसकन हसला. गंगम्मानं त्याला कोपर मारलं, पण तिचंही तोंड पदराआड गेलं. मग ती खांब सोडून पार्वतम्माशेजारी बसली आणि पोत्याचं एक टोक स्वतःकडं ओढून घेतलं.

गुरुपादप्पा पायरीवर चप्पल शोधत होते. तिथूनच म्हणाले, "गंगम्मा, देवणीहून बाकीच्या बेलाचा टेम्पो येतोय. तुझ्या घराचं पोतं वेगळं बांधायला सांगू?"

"हाव. सांगा."

"बरं. दुकानात माल उतरून राहिलाय. निघतो मी आता."